आशीर्वाद दे, माद्रिन्या

आईने मला वाल्मोरमामाला जेवायला बोलवायला पाठवलं होतं. एवढंच काम. चुलीवर काळा घेवडा शिजला होता, भात झाला होता, आणि मामा कुरणातून परतायचं नाव घेत नव्हता. जुलै महिना, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन थंडी. दुपार झाली तरी दगड रचलेल्या गडग्याच्या सावलीतलं गवत हिमाने पांढरंच होतं. मी विद्यापीठाच्या हिवाळी सुट्टीला घरी आले होते आणि बूट ओले झाले म्हणून मनातल्या मनात चिडत चालले होते.

आमच्या कुरणातून दोन दगडी गडगे एकमेकांच्या सोबतीने जातात. पूर्वी त्यांच्यामधून खेचरांचे तांडे जायचे. मग ट्रक आले आणि तांडे संपले. गडगे पूर्वेला जिथे थांबतात तिथून पुढे थोडं गवत आहे, आणि मग जमीनच संपते. सरळ खाली. त्याला आम्ही नुसतं ‘कडा’ म्हणतो. खालून समुद्राकडची गरम हवा वर चढते, आमच्या थंडीला लागते आणि तिचं धुकं होतं. गायीची धार काढायला बसावं तेव्हा ऊन असतं, आणि उठावं तेव्हा हातातली बादली दिसत नाही.

मामा कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणत होता. मला पाहून त्याने पहार टाकली.

“ये, इतिहासकार. तुझ्या कामाचं काहीतरी निघालंय. मी म्हटलं दगड आहे. पण दगड असा वाजत नाही.”

“कसा?”

“वाजतच नाही. पहार लागली तर ठण् व्हायला हवं की नको? हे मुकंच.”

त्याने ते माझ्या हातात दिलं. पावाच्या मोठ्या तुकड्याएवढं, काळपट हिरवं, चपटं. लोखंडाचे दोन जाड पत्रे कडेने रिव्हेट मारून जोडलेले, त्यावर कधीकाळी पितळेचा मुलामा असावा. एका टोकाला जाड कडी. दुसरं टोक ठोकून जवळजवळ मिटवलेलं, आणि उरलेल्या फटीत दगडासारखी माती. आकाराच्या मानाने फार जड. आणि थंडगार, पण ओल्या लोखंडासारखं थंड नव्हे. एखाद्याचा गारठलेला हात हातात घ्यावा, तसं.

जेवताना ते टेबलावरच होतं. आई म्हणाली, “अन्नाशेजारी ती घाण नको.” मामा म्हणाला, पाद्र्यांनी पुरलेलं सोनं असणार. संध्याकाळी मी ते आरी नावाच्या वाण्याच्या दुकानात नेलं, तर तिथे जमलेल्यांना करमणूकच मिळाली. आरी म्हणाला, हे धान्य मोजायचं माप. कोणी म्हणालं खाणीतला दिवा. एका म्हाताऱ्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, “पोरी, ते चुलीपासून लांब ठेव. युद्धातलं असेल तर तुझ्या शिक्षणासकट उडशील.” सगळे हसले. मी नाही हसले. ज्यांचे पुतळे होत नाहीत अशा माणसांचा इतिहास लिहायचा, हे मी ठरवलेलं होतं, आणि इथे माझ्याच मातीतून निघालेल्या वस्तूचं नाव कुणाला येत नव्हतं. मी फोटो काढून विद्यापीठातल्या माझ्या बाईंना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: आतली माती काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण घाई करू नकोस.

घाई करू नकोस, हे मला आयुष्यात कुणीही सांगितलेलं आवडलेलं नाही.

पण मी जी घाई करणार होते ती बाईंसाठी नव्हती. ती आजोबांसाठी होती.

आजोबा, ओझोरियो त्यांचं नाव, आईचे वडील. चुलीशेजारच्या खुर्चीत बसून असायचे, गुडघ्यावर मेंढीच्या कातड्याचं पांघरूण. दोन हिवाळ्यांपासून त्यांची आठवण धुक्यात गेली होती. आधी नावं गेली, मग चेहरे. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांसमोर आलं की हात पुढे करून आशीर्वाद मागायचा असतो. मी लहानपणापासून मागत आले: “आशीर्वाद, आजोबा.” आणि ते माझा हात धरून म्हणायचे, “देव तुला वाटेवर ठेवो, जुसा.” दुसऱ्या घरांत ‘देव तुझं भलं करो’ म्हणतात. आमच्या घरात ‘वाटेवर ठेवो’. जुसारा हे माझं नाव पूर्ण कधी त्यांनी घेतलंच नाही. आता मी हात पुढे केला की ते त्या हाताकडे बघायचे, जणू मी काहीतरी विकायला आले आहे.

तेही मी सोसलं असतं. पण ते बाहेर पडायचे. धुकं आलं की त्यांच्या पायांना काहीतरी व्हायचं. उठायचे आणि गडग्यांमधून कड्याकडे चालू लागायचे. दोनदा मामाने त्यांना अगदी शेवटच्या गवतात गाठलं होतं. आईने शहरातल्या वृद्धाश्रमाशी बोलून ठेवलं होतं. येत्या आठवड्यात गाडी येणार होती.

“तिथे खिडक्यांना जाळ्या आहेत,” आई म्हणाली.

“म्हणजे तुरुंग.”

“हो, तुरुंग. तू शहरातून फोन करून न्याय-अन्याय शिकव. इथे धुक्यात त्यांच्यामागे मी धावते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “माझे वडील आहेत गं ते. मला काय हौस आहे?”

मी ती वस्तू उचलली आणि उगाच फडक्याने पुसत बसले.

तेवढ्यात आजोबांनी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या लोखंडाकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. किती तरी महिन्यांत त्यांनी ती स्वतःहून काढली नव्हती. मग हात पुढे केला आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाले,

“आशीर्वाद दे, माद्रिन्या.”

माद्रिन्या म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिच्या हातावर मूल ठेवतात ती, धर्माची आई. आई रडायलाच लागली. मला मात्र वाटलं, सापडलं! ही वस्तू त्यांच्या धर्माच्या आईची. तिच्यापर्यंत पोचलं की आजोबांपर्यंत पोचता येईल. सकाळी उठून मी उताराखाली राहणाऱ्या ओंदिनाआजीकडे गेले. ओंदिनाआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. शेणाने माखलेले बूट, ओठांत न पेटवलेली मक्याच्या पानाची विडी.

“दादाची माद्रिन्या?” ती म्हणाली. “लेओकादियाबाई. जाडी होती. गोड खाऊन खाऊन मेली, आपल्या पलंगावर. का गं?”

“तिच्याकडे लोखंडाचं काही होतं का?”

“तिच्याकडे लोखंडाचं फक्त तोंड होतं.”

मी तिच्याकडून लेओकादियाबाईंचा फोटो मागून आणला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला आणि त्याने वारा घेतला.

मग मी माती काढायला बसले. अंगणात, उन्हात, जुना चमचा, रॉकेल आणि आईची विणायची सुई घेऊन. माती खवल्यांनी निघत गेली. तिच्याखाली मेणाचा थर लागला, पिवळा, पाइनच्या चिकात मळलेला. मेण फोडलं आणि वास आला.

तो वास कसा सांगू? जुन्या वस्तूचा वास नव्हता तो. नुकतंच खोगीर उतरवलेल्या, पावसात भिजलेल्या घोड्याचा वास. उबदार. इतका जवळचा, की मी वळून मागे पाहिलं. मागे फक्त दोरीवर वाळत घातलेली चादर होती.

आत केस कोंबलेले होते. घोड्याच्या शेपटीचे लांब, राठ, काळे केस, पीळ घालून ठासलेले. सुईने ओढत ओढत मी ते बाहेर काढले आणि वर्तमानपत्रावर ठेवले. कुजले नव्हते. तुटलेसुद्धा नव्हते. आणि त्या राठ केसांच्या अगदी मध्यभागी एक वेगळी बट होती. मऊ, बारीक, मधाच्या रंगाची, लाल दोऱ्याने बांधलेली. ती घोड्याची नव्हती. लहान मुलाची होती.

मी त्या वस्तूत बोट घातलं. पोकळ. वर एक छोटा आकडा, काहीतरी लटकवायचा. पण लटकवलेलं काही नाही. पहारीचं टोक फटीत घालून मी तिचं चपटं तोंड थोडं उघडलं, कडीत बोट घालून तिला उलटं धरलं आणि सहज चमच्याने टोला दिला.

टण्.

घंटा होती ती. जनावराच्या गळ्यातली घंटा. इतकं सोपं. मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच राहिलं. कारण आवाज थांबला नाही. तो लोखंडातून निघून अंगणात उतरला, कुरणावरून गेला, गडग्यांच्या मधून पुढे गेला, आणि कुठेतरी पलीकडे पोचल्यासारखा शांत झाला. कोंबड्या गप्प झाल्या. आमची दोन खेचरं वरच्या कुरणात चरत होती. ती चालत खाली आली, धावत नाही, चालत, एकामागे एक, आणि कुंपणाला छाती लावून उभी राहिली. कान माझ्याकडे.

मामा गोठ्यातून बाहेर आला. “ही घंटा निघाली होय? मग ह्यांना काय झालं?”

आत खुर्चीत आजोबा ताठ बसले होते. डोळे स्वच्छ. “तांडा निघाला?” त्यांनी विचारलं.

घंटेचा आवाज ऐकून ओंदिनाआजी चढ चढून आली तेव्हा तिच्या अंगावर पिठाचा एप्रन तसाच होता. धाप लागली होती. तिने घंटेकडे पाहिलं, वर्तमानपत्रावरच्या केसांकडे पाहिलं, आणि ओठांतली विडी पडली ती उचललीसुद्धा नाही.

“कुणी काढले हे?”

“मी. आजी, ही कुणाची...”

“माद्रिन्याची.”

“पण लेओकादियाबाई तर...”

“अगं वेडे, घोडी! माद्रिन्या म्हणजे घोडी. तांड्याच्या पुढे जी चालते ना, गळ्यात घंटा बांधून, ती. खेचरं दुसऱ्या कुणाला मानत नाहीत. माणसाला नाही, देवाला नाही. फक्त तिला. ती जिथे जाईल तिथे तिच्यामागे. म्हणून तिला सगळे माद्रिन्या म्हणायचे. आणि तिच्या पाठीवर बसायला एक पोरगं असायचं, हलकं.” तिने चुलीशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. “हा.”

मग ती पायरीवर बसली आणि तिने सांगितलं. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. हिवाळ्यातली संध्याकाळ, तांडा परतीच्या वाटेवर, आणि गडग्यांपाशी येता येता धुकं. तांडा मागे थांबला. घोडी पुढे गेली होती, पाठीवर पेंगलेलं पोर घेऊन. रात्रभर माणसं हाका मारत होती. उत्तर एकच येत होतं. घंटेचं. एकाच जागेवरून, एकाच लयीत. पहाटे त्यांचे वडील त्या आवाजाच्या मागे चालत पोचले. कड्याच्या अगदी कडेला घोडी आडवी उभी होती. तिच्या पोटाखाली, कोरड्या गवतावर, पोरगं झोपलं होतं.

“आणि घोडी?”

“घोडी उभ्या उभ्या मेलेली होती. अंगावर हिम. केव्हाच मेली असणार, लाकडासारखी झाली होती.” ओंदिनाआजीने एप्रनला हात पुसले. “पण घंटा वाजत होती, जुसा. वडिलांनी हात लावेपर्यंत वाजत होती.”

आत चुलीत लाकूड तडकलं.

“माद्रिन्या मेली की तिची घंटा मोकळी ठेवायची नसते,” ती म्हणाली. “लोलक काढून नदीत टाकायचा. तिच्याच शेपटीच्या केसांनी तोंड बंद करायचं, मेण लावायचं, ठोकून मिटवायचं आणि तिच्याबरोबर पुरायचं. नाहीतर खेचरं तिच्यामागे जातात. ती गेली तिथे. आणि नुसती खेचरंच नाही. जो जो तिच्यामागे चाललाय तो.”

“आणि ही बट?”

“दादाची. वडिलांनी कापून आत घातली. तिला ओळख राहावी म्हणून. पुन्हा कधी हा धुक्यात चुकला तर तिने आडवं व्हावं म्हणून.” ती थांबली. “आमची आई त्यानंतर कितीतरी दिवस वडिलांशी बोलली नाही. ती म्हणायची, जिला ओळख दिली ती एक दिवस न्यायलाही येते.”

तिने मला केस ताबडतोब परत कोंबायला सांगितले. मी म्हटलं, उद्या. बाईंना अजून फोटो पाठवायचे होते, आतले, आकड्याचे. आणि खरं सांगू? आजोबा दोन वर्षांत पहिल्यांदा अर्थाचं एक वाक्य बोलले होते. ज्या आवाजाने ते जागे झाले, तो मी लगेच कसा बंद करणार होते? मी घंटा खिडकीच्या फळीवर ठेवली, केस तिच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं आलं.

ते येताना आवाज होत नाही; असलेले आवाज नाहीसे होतात. आधी दूरचा ओढा बंद झाला. मग गोठा. मग अंगणातला पंप. आई वर कपडे गोळा करत होती, मामा ट्रॅक्टर घेऊन गेला होता. मी चुलीच्या पत्र्यावर पाइनच्या बिया भाजत होते. आजोबांना द्यायला म्हणून एक सोलली आणि वळले.

खुर्ची रिकामी. कातडं जमिनीवर. मी हात लावला, अजून गरम होतं.

दार उघडं होतं आणि दारात पांढरं काहीतरी उभं होतं. धुकंच ते.

“आजोबा...?”

टण्.

मी खिडकीकडे पाहिलं. घंटा फळीवरच होती. हलत नव्हती. तिला लोलकच नव्हता.

टण्... टण्...

बाहेरून येत होता आवाज. गडग्यांकडून. चालत्या जनावराच्या लयीत. आणि फळीवरची घंटा, मी तिला उचललं तेव्हा, ओली होती. आणि उबदार.

मी ओरडले असणार, कारण वरून आईचा आवाज आला. पण तो उशीखालून यावा तसा. मी थांबले नाही. घंटा छातीशी धरून, एका हाताने गडग्याचे दगड चाचपत, पळत सुटले. मग पळता येईना. पायाखालचं गवत दिसेना. उरलं फक्त चालणं, त्या आवाजामागे. तो पुढे, मी मागे. तो वास दाट होत गेला, ओल्या घोड्याचा, घामाचा, भिजलेल्या चामड्याचा. थोड्या वेळाने माझ्या मागूनही पावलं ऐकू यायला लागली. खुरांची. एकामागे एक. मानेवर उष्ण श्वास लागला. मला वळून बघायचं होतं. मान वळली नाही.

सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? मला भीती वाटेना याची. पाय इतके हलके झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसलीच घाई नव्हती.

हाताखालचा गडगा संपला.

दगड संपल्यावर पुढे काय आहे ते मला जन्मापासून माहीत आहे. तरी पाय चालतच राहिले. गवत... गवत... आणि मग छातीला काहीतरी लागलं. आडवं, उंच, उबदार. भिंतीसारखं, पण श्वास घेणारं. मी हात पुढे केला आणि बोटं राठ, भिजलेल्या केसांत गेली. ते हललं नाही. मी डावीकडे सरकले, तेही सरकलं. मी रेटून पाहिलं. त्याने मला हळूच, अगदी हळूच, मागे ढकललं.

“खाली बस, पोरी,” पायांपाशी आवाज आला. “ती उभी आहे तोवर भीती नाही.”

आजोबा गवतात बसले होते. मी खाली बसले, त्यांचा हात शोधला. तो गरम होता. मला दुसरं काही सुचलं नाही. रडत रडत, सवयीने, तेच निघालं तोंडातून.

“आशीर्वाद, आजोबा...”

त्यांनी माझी बोटं दाबली.

“देव तुला वाटेवर ठेवो, जुसा. किती उशीर केलास.”

आम्ही तसेच बसून राहिलो. ते बोलत होते, हळू, वाटेवरच्या माणसासारखे. खेचरांची नावं सांगितली. कुठल्या ओढ्याचं पाणी गोड ते सांगितलं. माझी आई लहान असताना घंटेसारखी किणकिणत हसायची, ते सांगितलं. आमच्या डोक्यावर काहीतरी मोठं, शांत, श्वास घेत उभं होतं आणि त्याच्या पोटाखाली धुक्याचा थेंबसुद्धा पडत नव्हता.

मग वारा फिरला. धुकं फाटलं. आमच्या समोर कुणी नव्हतं. माझ्या बुटांपुढे हातभर गवत होतं, आणि त्यानंतर आभाळ. दोन्ही खेचरं आमच्या मागे उभी होती, कान पुढे करून, रिकाम्या जागेकडे बघत. आजोबांची टोपी कोरडी होती. माझा कोटही.

आई धावत आली. तिने आधी त्यांना मिठी मारली, मग मला एक थोबाडीत दिली, मग दोघांना एकदम धरलं.

“नेइवा,” आजोबा तिला म्हणाले, “रडतेस काय अशी? घोडी थकली बिचारी. आता तिला बोलवू नका.”

संध्याकाळच्या आत आम्ही घंटा बंद केली. ओंदिनाआजीने मेण वितळवलं. आजोबांनी स्वतः केस पिळले, त्यात ती मधाच्या रंगाची बट ठेवली. मग कमरेचा सुरा काढून मला जवळ बोलावलं आणि काही कळायच्या आत माझ्या कानामागची एक बट कापली. ओंदिनाआजीच्या शालीतला लाल लोकरीचा धागा ओढून तिला बांधली.

“ही कशाला?” मी विचारलं.

“आज तू पण तिच्यामागे चाललीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती तुला ओळखेल.”

ओंदिनाआजीने तोंड फिरवून क्रूसाची खूण केली. मामाने घंटा ठोकून मिटवली आणि त्याच खड्ड्यात पुरली. खांब मात्र त्याने दुसरीकडे रोवला.

वृद्धाश्रमाची गाडी आली नाही. आईने फोन करून नको म्हणून सांगितलं. मी बाईंना कळवलं की वस्तू घंटा निघाली, आणि ती आता आमच्याकडे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आजोबा पुन्हा विसरले. पण घरात राहिले, आणि धुक्यात उठून चालले नाहीत. आई सांगायची, धुकं आलं की ते नुसते टोपी काढून बसतात.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांच्या पलंगावर, झोपेत, आई उशाशी असताना. सकाळी तिला पलंगाखाली त्यांचे बूट दिसले. ओल्या मातीने भरलेले. रात्रभर ती तिथून हलली नव्हती. आणि त्यांची मूठ घट्ट मिटलेली होती. उघडली तर आत काळी बट, लाल लोकरीने बांधलेली, तिला मेणाचे कण चिकटलेले.

माझी बट.

मामाने जाऊन पाहिलं. खड्ड्यावर गवत तसंच होतं, कुणी उकरलेलं नव्हतं. ओंदिनाआजी म्हणाली, “पोरीला सोडवून आणली त्याने. जाता जाता.” आईला बरं वाटलं. मग ओंदिनाआजी म्हणाली, “पण मग आता हिला कड्यावर अडवणार कोण?”

अंत्यविधीला गेले तेव्हा आईने ती बट माझ्या हातात दिली. शहरातल्या खोलीत ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. कधी कधी ओली होते. पहिल्यांदा झाली तेव्हा मी घरी फोन केला. आई म्हणाली, हो गं, इथे आत्ताच धुकं आलंय. दुसऱ्यांदाही तसंच. मला त्याची सवय झाली, आवडायलाही लागलं. बट ओली झाली की मी हात पुढे करते आणि म्हणते, आशीर्वाद, आजोबा. आणि माझ्यापुरतं उत्तर मला मिळतं.

आज सकाळी खण उघडला तर ती ओलीचिंब होती. पाणी ठिबकत होतं. खोलीभर घोड्याचा वास. मी फोन लावला.

“धुकं?” आई म्हणाली. “नाही गं. लख्ख ऊन पडलंय. कडासुद्धा दिसतोय स्वच्छ.”

मी खिडकीतून पाहिलं. इथेही ऊनच होतं.

तेव्हापासून मी या खुर्चीतून उठलेली नाही. भीती म्हणाल तर तशी नाही. फक्त आता मला अडवायला कुणी नाही, म्हणून पाय खाली ठेवायचा नाही, जोवर कळत नाही की आज धुकं कुठे आलं आहे.